एका ‘खूप’साठी इंग्रजीत किती शब्द? नवशिक्यांसाठी पायऱ्यांनी मार्गदर्शन

मराठीत ‘खूप’ कुठेही बसतो. खूप माणसं, खूप पाणी, खूप सुंदर, खूप आवडलं, खूप भूक. पुढे नाम असो, विशेषण असो की क्रियापद, त्याआधी ‘खूप’ ठेवला की वाक्य उभं राहतं. इंग्रजीत या पाच ठिकाणी एकच शब्द चालत नाही. नवशिक्याला शब्द माहीत नसतात असंही नाही. ‘मेनी’, ‘मच’, ‘व्हेरी’, ‘टू’ हे सगळे शाळेतच भेटलेले असतात. ऐन बोलण्याच्या वेळी त्यातला कोणता उचलायचा, तिथे जीभ अडखळते.

पुढच्या पायऱ्या त्या अडखळण्यासाठी आहेत. पहिल्या तीन व्याकरणाच्या आहेत आणि त्या ओलांडल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. उरलेल्या सवयीच्या आणि कानाच्या आहेत. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच दिली आहेत, तेव्हा ती मनात न वाचता तोंडाने म्हणत चला. ‘खूप’ची चूक डोळ्यांना सहसा दिसत नाही, कानाला मात्र खटकते.

पायरी 1: नाम मोजायचं की मापायचं?

मोजायच्या नामाला ‘मेनी’, मापायच्या नामाला ‘मच’. पुस्तकं मोजतो, म्हणून ‘मेनी बुक्स’. पाणी मापतो, म्हणून ‘मच वॉटर’. इथपर्यंत कुणाचंच चुकत नाही.

चुकतं ते मराठीत मोजल्या जाणाऱ्या आणि इंग्रजीत न मोजल्या जाणाऱ्या नामांपाशी. आपण दोन सल्ले देतो, तीन बातम्या ऐकतो, चार कामं उरकतो. इंग्रजीतली ‘ॲडव्हाइस’, ‘न्यूज’ आणि ‘वर्क’ ही नामं मात्र पाण्यासारखी आहेत, ती मोजत नाहीत. ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘इक्विपमेंट’, ‘होमवर्क’, ‘ट्रॅफिक’, ‘नॉलेज’, ‘प्रोग्रेस’, ‘एव्हिडन्स’ हीसुद्धा त्याच गटातली. यांना अनेकवचनाचा ‘एस’ लागत नाही आणि ‘मेनी’ही लागत नाही. ‘मेनी इन्फर्मेशन्स’ आणि ‘मेनी लगेजेस’ हे दोन्ही चूक. मोजायचीच वेळ आली, तर मध्ये ‘पीस’ घालायचा: ‘टू पीसेस ऑफ लगेज’, ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’.

तीन नामांकडे वेगळं लक्ष द्या, कारण मराठी तिथे उलट्या दिशेने ओढते. ‘पैसे’ मराठीत अनेकवचनी, ‘मनी’ इंग्रजीत मापायचं: ‘हाउ मच मनी’. ‘केस’ मराठीत अनेकवचनी, डोक्यावरचे सगळे केस इंग्रजीत एकवचनी: ‘हर हेअर इज लाँग’. आणि ‘न्यूज’च्या शेवटी ‘एस’ दिसला तरी तो अनेकवचनाचा नाही: ‘द न्यूज इज गुड’. याच्या अगदी उलट ‘पीपल’. त्याला ‘एस’ नाही, पण ते अनेकवचनी आहे: ‘मेनी पीपल आर वेटिंग’.

काही नामं दोन्हीकडे जातात आणि तिथे अर्थ बदलतो. सुदैवाने ‘टाइम’च्या बाबतीत मराठी आपल्या बाजूने आहे. ‘वेळ’ मापतो आणि ‘वेळा’ मोजतो, अगदी तसंच ‘मच टाइम’ म्हणजे बराच वेळ आणि ‘मेनी टाइम्स’ म्हणजे पुष्कळ वेळा.

नवं नाम शिकताना अर्थासोबत ते मोजायचं की मापायचं, एवढंही वहीत लिहून ठेवा. मोठ्या शब्दकोशांत ‘काउंटेबल’, ‘अनकाउंटेबल’ असं दिलेलं असतं, बऱ्याचदा नुसतं ‘सी’ आणि ‘यू’ या अक्षरांनी.

पायरी 2: साध्या विधानात ‘अ लॉट ऑफ’

समजा, तुम्हाला म्हणायचंय, ‘मला खूप काम आहे’. काम मापायचं, म्हणून ‘मच’, असा हिशेब करून तुम्ही ‘आय हॅव मच वर्क’ म्हणता. व्याकरणाने यात काही चूक काढता येणार नाही. पण रोजच्या बोलण्यात इंग्रजी माणूस असं म्हणत नाही. ते पुस्तकी वाटतं, जसं मराठीत कुणी गप्पा मारताना ‘मजजवळ पुष्कळ कार्य आहे’ म्हणावं तसं. तो म्हणतो, ‘आय हॅव अ लॉट ऑफ वर्क’.

‘मच’ची खरी वस्ती नकारात आणि प्रश्नात. ‘आय डोन्ट हॅव मच टाइम.’ ‘इज देअर मच वर्क लेफ्ट?’ विधानात तो एकटा फारसा येत नाही, सोबतीला कुणी असेल तर येतो: ‘सो मच’, ‘टू मच’, ‘ॲज मच’, ‘व्हेरी मच’. ‘मेनी’ इतका लाजरा नाही. ‘मेनी पीपल थिंक सो’ हे बोलण्यातही चालतं, लिखाणात तर सर्रास. तरीही गप्पांमध्ये ‘अ लॉट ऑफ पीपल’च जास्त कानावर पडेल.

‘अ लॉट ऑफ’चा मोठा फायदा असा, की तो मोजायच्या आणि मापायच्या दोन्ही नामांना चालतो. बोलता बोलता पहिल्या पायरीवर गोंधळ झाला, तरी हा शब्द सांभाळून घेतो. ‘अ लॉट ऑफ बुक्स’, ‘अ लॉट ऑफ वॉटर’, ‘अ लॉट ऑफ ॲडव्हाइस’. सुरुवातीचे काही महिने फक्त एवढ्यावर काढले तरी हरकत नाही, असं माझं मत आहे. ‘लॉट्स ऑफ’ म्हणजे तेच, फक्त आणखी मोकळं. मित्राला निरोप पाठवताना छान, अर्जात नको.

मग क्रियापद एकवचनी की अनेकवचनी? ‘अ लॉट’मधला ‘अ’ पाहून अनेक जण ‘इज’ लावतात. पण ‘अ लॉट ऑफ’ला स्वतःचं वचन नसतं. पुढचं नाम जसं असेल तसं क्रियापद: ‘अ लॉट ऑफ टाइम इज वेस्टेड’, पण ‘अ लॉट ऑफ स्टुडंट्स आर ॲब्सेंट’. इंग्रजी मातृभाषा असलेली माणसं घाईत ‘देअर्स अ लॉट ऑफ पीपल’ म्हणताना तुम्ही ऐकाल. बोलण्यात ते खपून जातं, पण लिहिताना ‘देअर आर’च लिहा.

‘नंबर’ची गोष्ट थोडी निराळी. ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर ॲब्सेंट’ म्हणजे बरेच विद्यार्थी गैरहजर आहेत. ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स इज स्मॉल’ म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या कमी आहे. ‘अ’च्या जागी ‘द’ आला, की वाक्य विद्यार्थ्यांबद्दल न राहता आकड्याबद्दल होतं आणि क्रियापद एकवचनी होतं.

लिहिताना ‘अ’ आणि ‘लॉट’ हे दोन वेगळे शब्द आहेत, मध्ये जागा सोडायची. जोडून लिहिलेला शब्द प्रमाण इंग्रजीत नाही. आणि त्यात दोन ‘एल’ घातले तर ‘वाटप करणं’ या अर्थाचं भलतंच क्रियापद तयार होतं.

उच्चाराबद्दलही थोडं. आपण सवयीने ‘ऑफ’ म्हणतो आणि लिहितोही, पण या शब्दातला शेवटचा आवाज ‘फ’चा नाही, ‘व’चा आहे. वेगात तो ‘अव्’ इतकाच उरतो आणि पूर्ण तुकडा ‘अलॉटव्’ असा एका दमात येतो. तो तीन वेगळे शब्द म्हणून न घोकता एकच शब्द म्हणून घोका. ‘फ’चा स्पष्ट आवाज असलेला ‘ऑफ’ हा वेगळा शब्द आहे, दिवा बंद करतानाचा.

पायरी 3: ‘ऑफ’ कधी ठेवायचा, कधी काढायचा

पुढे नाम असेल तर ‘अ लॉट ऑफ’. नाम नसेल तर नुसतं ‘अ लॉट’. ‘शी रीड्स अ लॉट ऑफ बुक्स’, पण ‘शी रीड्स अ लॉट’. दुसऱ्या वाक्यात ‘अ लॉट’ शेवटी आला आहे, हे नीट पाहा. मराठीत ‘ती खूप वाचते’, म्हणजे ‘खूप’ क्रियापदाच्या आधी. त्या क्रमाने ‘शी अ लॉट रीड्स’ म्हणाल तर ऐकणारा गोंधळेल. ‘व्हेरी मच’चंही असंच. ‘आय लाइक व्हेरी मच धिस साँग’ नव्हे, ‘आय लाइक धिस साँग व्हेरी मच’. क्रियापद आणि आवडलेली वस्तू यांच्यामध्ये काही घुसवायचं नाही.

‘मेनी’ आणि ‘मोस्ट’ यांच्यामागे ‘ऑफ’ तेव्हाच येतो, जेव्हा पुढे ‘द’, ‘माय’, ‘दीज’ असं काही असतं किंवा ‘देम’, ‘अस’ अशी सर्वनामं असतात. ‘मेनी फ्रेंड्स’, पण ‘मेनी ऑफ माय फ्रेंड्स’. ‘मोस्ट पीपल’, पण ‘मोस्ट ऑफ द पीपल इन धिस रूम’. ‘मोस्ट ऑफ पीपल’ हे मधलं रूप फार ऐकू येतं आणि ते चूक आहे.

आकड्यांमध्ये मात्र मराठीचा कान थेट उपयोगी पडतो. ‘शेकडो माणसं’ आणि ‘पाचशे माणसं’ यांतला फरक तुम्हाला आधीच माहीत आहे. पहिल्यात नेमका आकडा नाही, दुसऱ्यात आहे. इंग्रजीत शेकडो म्हणजे ‘हंड्रेड्स ऑफ पीपल’, तिथे ‘एस’ही आणि ‘ऑफ’ही. पाचशे म्हणजे ‘फाइव्ह हंड्रेड पीपल’, तिथे दोन्ही नाहीत. हजारो म्हणजे ‘थाउजंड्स ऑफ’, तीन हजार म्हणजे ‘थ्री थाउजंड’. मराठी शब्दाच्या शेवटी ‘ओ’ आला, की इंग्रजीत ‘एस’ आणि ‘ऑफ’ लावायचे. ‘लाखो’ म्हणायचं असेल तर ऐकणारा कुठला आहे ते पाहा. भारतीय उपखंडाबाहेर ‘लॅक’ बहुतेकांना कळत नाही, तिथे ‘हंड्रेड्स ऑफ थाउजंड्स ऑफ पीपल’ म्हणावं लागतं. दहा लाखांना ‘मिलियन’ आहेच.

पायरी 4: जिथे ‘मच’ही नको आणि ‘अ लॉट ऑफ’ही नको

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि व्याकरणाच्या पुस्तकात या पायरीला जेमतेम चार ओळी मिळतात. म्हणून इथे जरा रेंगाळू.

मराठीत भूक लागते, थंडी वाजते, राग येतो, झोप येते. भूक, थंडी, राग, झोप ही सगळी नामं आहेत आणि त्यांच्याआधी ‘खूप’ आरामात बसतो. इंग्रजीत हीच गोष्ट बहुतेक वेळा विशेषणाने सांगतात, आणि विशेषणाला लागतो ‘व्हेरी’ किंवा ‘रिअली’. खूप भूक लागलीय: ‘आय ॲम व्हेरी हंग्री’. खूप थंडी आहे: ‘इट्स व्हेरी कोल्ड’. खूप झोप आलीय: ‘आय ॲम रिअली स्लीपी’. तिला खूप राग आला: ‘शी गॉट रिअली अँग्री’. खूप अंधार आहे: ‘इट्स व्हेरी डार्क’. खूप गर्दी आहे: ‘इट्स व्हेरी क्राउडेड’. यांतल्या एकाही वाक्यात ‘मच’ नाही. ‘मच कोल्ड इज देअर’ असं ज्याच्या तोंडून निघतं, त्याने मराठी वाक्यातला प्रत्येक शब्द जागच्या जागी बदललेला असतो. अशा वेळी आधी वाक्याचा साचा बदला. ‘मला अमुक लागलंय’च्या ऐवजी ‘मी अमुक आहे’ असा विचार केला, की विशेषण आपोआप समोर येतं.

काही नामं इंग्रजीतही नामंच राहतात, पण त्यांचं ‘खूप’पण सांगणारा शब्द ठरलेला असतो. पाऊस आणि वाहतूक जड असतात: ‘हेवी रेन’, ‘हेवी ट्रॅफिक’. वारा ‘स्ट्राँग’. ताप ‘हाय’. यात तर्क शोधू नका, मराठीतही तो नाही. आपणही पाऊस ‘मुसळधार’ म्हणतो आणि वारा ‘सोसाट्याचा’, त्यांची अदलाबदल करत नाही. अशा जोड्या जोडीनेच पाठ करायच्या. ‘रेन’ हा शब्द शिकलात त्याच दिवशी ‘हेवी रेन’ही शिका. ‘इट्स रेनिंग अ लॉट’ म्हटलं तरी चालतं, पण ते सततच्या पावसाला जास्त शोभतं. आत्ता बाहेर कोसळतोय, तर ‘इट्स रेनिंग हेविली’.

क्रियापदांच्याही अशाच ठरलेल्या सोबती आहेत. खूप प्रयत्न केला: ‘आय ट्राइड हार्ड’. खूप मेहनत करतो: ‘ही वर्क्स हार्ड’. ‘हार्डली’ नव्हे, कारण ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो काम करतच नाही म्हटल्यासारखं होतं. अगदी उलटा अर्थ. खूप गरज आहे: ‘आय बॅडली नीड इट’, आणि इथे ‘बॅडली’मध्ये वाईट काही नाही.

आता पुन्हा वेळ, कारण मराठीतल्या ‘खूप वेळ’ला इंग्रजीत तीन वाटा फुटतात. खूप वेळ लागला: ‘इट टुक अ लाँग टाइम’. आपल्याकडे खूप वेळ आहे, घाई नको: ‘वी हॅव प्लेंटी ऑफ टाइम’. यात खूप वेळ जातो, अशी कुरकुर असेल तर: ‘इट टेक्स टू मच टाइम’, किंवा नुसती माहिती द्यायची असेल तर ‘अ लॉट ऑफ टाइम’. ‘खूप दिवसांनी’ म्हणजे ‘आफ्टर अ लाँग टाइम’. तिथे ‘आफ्टर मेनी डेज’ म्हटलंत तर ऐकणारा मनातल्या मनात दिवस मोजू लागतो. अंतराचंही तसंच आहे. ‘ते खूप लांब आहे’ला ‘इट्स व्हेरी फार’ चालतं, पण ‘इट्स अ लाँग वे’ जास्त सहज.

तुलना करताना ‘व्हेरी’ गप्प बसतो. ‘व्हेरी बेटर’ हे रूप नाहीच. ‘मच बेटर’, ‘अ लॉट बेटर’ किंवा ‘फार बेटर’. गंमत म्हणजे विधानात एकटा यायला लाजणारा ‘मच’ इथे बिनधास्त येतो. ‘मोअर’मुळे तर पहिली पायरीच लागत नाही, कारण तो दोन्ही गटांना चालतो: ‘मोअर बुक्स’, ‘मोअर वॉटर’.

पायरी 5: पुरेसं, भरपूर की अति?

‘खूप’ म्हणताना तुमचा चेहरा कसा आहे, हे इंग्रजी शब्दातून कळतं. समाधानी चेहऱ्याचा ‘प्लेंटी ऑफ’. त्यात नुसतं ‘खूप’ नसतं, ‘लागेल त्याहून जास्त, तेव्हा काळजी नको’ असं सगळं असतं. ‘वी हॅव प्लेंटी ऑफ चेअर्स’ ऐकलं, की पाहुणा निर्धास्त होतो. म्हणून तो साध्या होकारी वाक्यात खुलतो, नकारात अवघडतो. ‘वी डोन्ट हॅव प्लेंटी ऑफ टाइम’ न म्हणता ‘वी डोन्ट हॅव मच टाइम’ किंवा ‘वी डोन्ट हॅव इनफ टाइम’ म्हणावं. ‘प्लेंटी टाइम’ असं ‘ऑफ’ गाळून काही ठिकाणी बोलतात, तुम्ही ते उचलू नका.

कुणी काही वाढत असेल, ओतत असेल आणि थांबवायचं असेल, तर ‘दॅट्स इनफ’ जरा तुटक लागतं, रागाच्या सुरात तर ‘बास झालं तुझं’ असं होतं. ‘दॅट्स प्लेंटी, थँक यू’ हे त्याच अर्थाचं सभ्य वाक्य आहे.

त्रासलेल्या चेहऱ्याचा ‘टू’. ‘टू मेनी’ मोजायच्यांना, ‘टू मच’ मापायच्यांना, नुसता ‘टू’ विशेषणांना. तिन्हींत ‘हवं होतं त्याहून जास्त झालं’ अशी तक्रार असते. आपल्याकडे कौतुकाने ‘टू गुड’ म्हणण्याची पद्धत पडली आहे आणि आपापसांत ती कळतेही. बाहेरच्या माणसाला मात्र ‘आय ॲम टू हॅपी’ ऐकून पुढचं वाक्य काय येणार याची धास्ती वाटते, कारण त्याच्या कानाला ‘इतका आनंद की काहीतरी बिनसलंय’ असं ऐकू येतं. आनंद सांगायचा तर ‘सो हॅपी’ किंवा ‘रिअली हॅपी’. ‘सो’ भावना वाढवतो, ‘टू’ मर्यादा ओलांडल्याचं सांगतो. ‘देअर आर सो मेनी फ्लॉवर्स’ म्हणणारा हरखलेला असतो, ‘देअर आर टू मेनी फ्लॉवर्स’ म्हणणारा काही फुलं काढायला सांगतोय.

‘खूप खूप धन्यवाद’ला ‘व्हेरी व्हेरी थँक यू’ नाही. ‘थँक यू सो मच’, ‘थँक्स अ लॉट’, किंवा पत्रात ‘मेनी थँक्स’. यांतलं ‘थँक्स अ लॉट’ जपून वापरा. सूर जरा सपाट झाला तर ते ‘मोठे उपकार झाले’ अशा टोमण्यासारखं ऐकू येतं.

आणि एक चकवा. ‘फ्यू’ म्हणजे फारसे नाहीत. ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे आहेत. ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे चक्क बरेच. ‘क्वाइट अ फ्यू पीपल केम’ ऐकून ‘लोक कमी आले’ असं समजाल, तर पुढचा सगळा संवाद उलटा चालेल.

पायरी 6: शब्दाचं वजन

इथवर आलात, की मोठे शब्द खुणावू लागतात: ‘अबंडंट’, ‘ॲम्पल’, ‘न्यूमरस’, ‘कोपिअस’, ‘प्लेथरा’, ‘मिरिअड’. शब्दकोशात सगळ्यांपुढे ‘विपुल, पुष्कळ’ असंच काहीतरी लिहिलेलं असतं, त्यामुळे कुठलाही कुठेही चालेल असं वाटतं.

मराठीत तरी चालतं का? चिक्कार, रग्गड, ढीगभर, पुष्कळ, भरपूर, मुबलक, विपुल, असंख्य, अमाप. अर्थ जवळजवळ सारखा. पण ‘माझ्याकडे विपुल वेळ आहे’ असं मित्राला कुणी म्हणत नाही आणि सरकारी अहवालात ‘रग्गड पाणीसाठा’ असं कुणी लिहीत नाही. हे कुणी शिकवलेलं नसतं, कान सांगतो. तोच कान इंग्रजीसाठी उसना घ्यायचा.

‘चिक्कार’ आणि ‘ढीगभर’ यांच्या जागी ‘लोड्स ऑफ’ किंवा ‘टन्स ऑफ’. ब्रिटनमध्ये ‘लोड्स’ जास्त, अमेरिकेत ‘टन्स’, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ‘हीप्स ऑफ’ सर्रास. ‘पुष्कळ’ला ‘अ लॉट ऑफ’, ‘भरपूर’ला ‘प्लेंटी ऑफ’. ‘मुबलक’ला ‘ॲम्पल’, आणि हा शब्द अर्जात, कार्यालयीन पत्रात फार उपयोगी आहे: ‘देअर इज ॲम्पल स्पेस फॉर पार्किंग’. ‘असंख्य’ला ‘काउंटलेस’. लिखाणात ‘पुष्कळ’ला भारदस्त करायचं तर मोजायच्या नामांना ‘अ लार्ज नंबर ऑफ’, मापायच्यांना ‘अ ग्रेट डील ऑफ’. त्यांची अदलाबदल मात्र नको.

‘विपुल’च्या वजनाचा ‘अबंडंट’. जोर दुसऱ्या अक्षरावर: अ-बन्-डंट. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ओसंडून वाहणं, आणि त्यात ‘लाट’ या अर्थाचा शब्द दडलेला आहे. म्हणून निसर्गातून येणाऱ्या गोष्टींना तो शोभतो: ‘अबंडंट रेनफॉल’, ‘फिश आर अबंडंट इन धिस लेक’. पुराव्यालाही शोभतो: ‘अबंडंट एव्हिडन्स’. ‘आय हॅव अबंडंट फ्रेंड्स’ मात्र हास्यास्पद. नाम हवं असेल तर ‘ॲन अबंडन्स ऑफ वाइल्डलाइफ’ किंवा शेवटी ‘इन अबंडन्स’. अधिकृत निवेदनांत ‘आउट ऑफ ॲन अबंडन्स ऑफ कॉशन’ हा तुकडा वारंवार दिसतो. त्याचा अर्थ, धोका नक्की आहे असं नाही, पण काळजी म्हणून.

काही शब्दांचे यजमान ठरलेले असतात. ‘कोपिअस’ सोबत बहुधा ‘नोट्स’ किंवा ‘अमाउंट्स’ असतात. ‘प्रोफ्यूजली’ने घाम येतो, रक्त वाहतं आणि माफी मागितली जाते. ‘अ वेल्थ ऑफ’च्या मागे ‘एक्स्पिरियन्स’ किंवा ‘इन्फर्मेशन’ येतं आणि ते कौतुकच असतं. ‘अ होस्ट ऑफ’च्या मागे अनेकदा ‘प्रॉब्लेम्स’ येतात. ‘रिच इन’ पोषकद्रव्यांना आणि खनिजांना: ‘रिच इन आयर्न’. ‘गलोर’ हा आयरिश भाषेतून आलेला गमतीदार शब्द नामाच्या मागे बसतो: ‘बुक्स गलोर’.

‘प्लेथरा’बद्दल माझं स्पष्ट मत: पहिलं वर्षभर तो वापरूच नका. तो मुळात वैद्यकातला, शरीरात रक्त प्रमाणाबाहेर झाल्याचं सांगणारा. आज लोक तो नुसत्या ‘खूप’साठी वापरतात, पण काही वाचकांना अजूनही त्यात अतिरेकाचा वास येतो. ‘वुई ऑफर अ प्लेथरा ऑफ सर्व्हिसेस’ लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसतं. साधं ‘मेनी’ तिथे जास्त चांगलं दिसलं असतं. ‘अम्टीन’ हाही आपल्याकडचा लाडका शब्द, पण त्यात वैताग असतो. ‘आय हॅव टोल्ड यू अम्टीन टाइम्स’ मुलाला ठीक, साहेबांना नको.

पायरी 7: सराव

रोज स्वतःची ‘खूप’वाली पाच मराठी वाक्यं घ्या आणि प्रत्येकाला याच क्रमाने विचारा: इंग्रजीत हे नामाने सांगतात की विशेषणाने? नाम असेल तर मोजायचं की मापायचं? मी समाधानी आहे की त्रासलोय? ऐकणारा मित्र आहे की कार्यालय? सुरुवातीला एका वाक्याला अर्धा मिनिट लागेल. लागू द्या.

‘काल खूप पाऊस पडला आणि रस्त्यावर खूप गाड्या होत्या.’ पावसाची जोडी ठरलेली आणि वाहतुकीचीही: ‘देअर वॉज हेवी रेन यस्टर्डे, अँड द ट्रॅफिक वॉज हेवी.’ गाड्याच मोजायच्या असतील तर ‘देअर वेअर अ लॉट ऑफ कार्स ऑन द रोड’.

‘तिला या विषयाची खूप माहिती आहे.’ ‘शी हॅज अ लॉट ऑफ इन्फर्मेशन’ चूक नाही, पण माहिती कागदावर असल्यासारखी वाटते. माणसाबद्दल बोलताना ‘शी नोज अ लॉट अबाउट धिस’. तिच्या परिचयपत्रात लिहायचं असेल तर ‘शी हॅज अ वेल्थ ऑफ नॉलेज’.

‘आज मला खूप कंटाळा आलाय.’ नाम सोडा, विशेषण घ्या: ‘आय ॲम रिअली बोअर्ड टुडे’. ‘बोअरिंग’ नको, तसं म्हणालात तर कंटाळवाणे तुम्हीच ठरता.

‘सभा खूप लांबली.’ हे मात्र तुमच्यावर आहे. नुसतं सांगायचं असेल तर ‘द मीटिंग वेंट ऑन फॉर अ लाँग टाइम’. वैतागला असाल तर ‘द मीटिंग वॉज फार टू लाँग’.